राणीसाहेबांचा हिरवा कुत्रा

भट्टीतून निघालेली चिनी मातीची तबकडी भावाने ताईच्या पुढ्यात ठेवली आणि त्याचा आवाज फाटला, "ताई, हे काय करून ठेवलंस गं? राणीसाहेबांचा लाडका कुत्रा... हिरवा?"

ताईने हातातला कुंचला खाली ठेवला. बावीस वर्षं राजवाड्यातल्या कुत्र्यांची चित्रं तीच तबकड्यांवर रंगवत आली होती आणि नाव मात्र धाकट्या भावाचं होत होतं. वडील गेल्यावर त्यांची कारखान्यातली जागा फक्त मुलालाच मिळणार होती, आणि मुलाच्या हातात कला औषधालाही नव्हती! तो काम घरी आणायचा, मालकांशी गोड बोलायचा... ती खिडकीशी बसून रंगवायची. चालून आलेली दोन स्थळं तिने या घरासाठी परत पाठवली, पण कधी हूं की चूं केलं नाही.

आणि आता दोन वर्षं तिची नजर विझत चालली होती. कुत्र्यांचे चेहरे बोटांना पाठ होते. रंगांचं म्हणाल, तर भट्टीत भाजेपर्यंत ते सगळे सारखेच मळकट दिसतात, डोळसालाही बाटलीवरची चिठ्ठीच वाचावी लागते. ताई फळीवर चाचपून मोजायची, डावीकडून तिसरी बाटली तपकिरी.

"फळी कुणी आवरली?" तिने हळूच विचारलं.

"मी आवरली, वन्सं," भावजय म्हणाली. "धूळ साचली होती. बाटल्या पुसून उंचीप्रमाणे लावल्या. चिठ्ठ्या आहेतच की त्यांवर."

भाऊ चमकला. त्याने एक बाटली बहिणीसमोर धरली. "वाच बघू."

तिने चिठ्ठीवरून नुसतीच बोटं फिरवली.

"कधीपासून, ताई?"

"तुला मुख्य चित्रकार करेपर्यंत कसंतरी रेटायचं होतं रे... मालकांना सांग, आंधळ्या बहिणीने मध्ये हात घातला. माझं काय जाणार आहे?"

तेवढ्यात तबकडी न्यायला कारखान्याचे मालकच दारात आले. तबकडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "ही तुझी कामगिरी?"

ताईने भावाची बाही ओढली, पण तो बोलून गेला, "माझी नाही. आधीचीही एकही माझी नव्हती. सगळी हिची."

"बावीस वर्षं फसवलंत मला," मालक म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस." आणि ते निघून गेले.

"वेड्या, सगळं पाण्यात घालवलंस..." ताईला हुंदका आवरेना. ज्यासाठी जन्म वेचला ते एका वाक्यात गेलं होतं, आणि ते परत आणणं कुणाच्याच हाती नव्हतं. भावाने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. "तुझे डोळे जात होते आणि मी माझं नाव मिरवत होतो गं..."

ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिने चाचपत तबकडी जवळ घेतली. "चेहरा तरी जमलाय का रे?"

त्याने डोळे पुसले. "हाक मारलीस तर धावत येईल, ताई."