यादीतलं दहावं फुलपाखरू

डोळ्याला दुर्बीण लावून फुलपाखरामागे पळू नका, असं शाळेच्या निसर्ग मंडळात दहादा बजावलं होतं. पण नववीतली पल्लवी ऐकतेय कुणाचं? मखमलाबादच्या झेंडूच्या शेतातून धावता धावता ती थेट पाटात उतरली... गुडघाभर पाणी, आणि समोर फुलं तोडणारा एक मुलगा.

"फुलपाखरं पाण्यात नसतात," तो शांतपणे म्हणाला.

"माहितीये मला."

"मग गोठ्यामागं चल. म्हशी मुततात ना, तिथल्या चिखलावर लय झुंबड असते."

शेत त्याच्याच घरचं होतं आणि नाव होतं किशोर. गोठ्यामागे खरंच तीस-चाळीस फुलपाखरं चिखल चोखत बसली होती. पल्लवी नाकाला रुमाल लावून बघत राहिली. फुलपाखरांकडे, आणि मध्येच — रुमालावरून — किशोरकडे.

मग दर रविवारी पंचवटीहून तिची सायकल सुटायची. दहा जातींची यादी जी पहिली देईल, ती मंडळाची प्रमुख. वर्गातल्या प्रतिभाची नऊ झाली होती. चौथ्या रविवारी पल्लवीने दहावी ओळ लिहिली आणि वही मिटली.

"झाली दहा. उद्या प्रतिभाचं तोंड बघायचंय मला. आता काय, इथे यायलाच नको."

किशोरने हातातलं चांगलं फूल उगाच कुस्करलं.

"दहा नाय... नऊच झाल्यात."

"मोज ना मग."

"ते काळं, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचं, अन् ते केशरी — एकच जात हाय. काळा नर, केशरी मादी. आई घोळाची भाजी निवडत होती, तवा अळ्या सापडल्या. मी बरणीत ठेवल्या. त्यातनं दोन्ही निघाली."

पल्लवीने वही उघडली. दोन्ही नोंदी पहिल्याच रविवारच्या होत्या.

"आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"तवा यादी संपत नव्हती..."

बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. पल्लवीला रागवायचं होतं, पण गाल ऐकेनात. तिने मुकाट्याने एक ओळ खोडली.

इतक्यात चिखलावर इवलंसं निळं फुलपाखरू येऊन बसलं. यादीत नसलेलं. दोघांनीही पाहिलं. किशोर बिचारा प्रामाणिक.

"ते बघ," तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "दहावं."

पल्लवीने दुर्बीण उचलली आणि त्याच्याच नाकावर रोखली.

"कुठंय? मला तर काहीच दिसत नाही."

"अन् प्रतिभा प्रमुख झाली तर?"

"होऊ दे की. तिला कुठे माहितीये तुमचा गोठा... मी येते रविवारी."