शिवेवरचा दगड

डोंगर खोटा होता, हे रोशनीला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तरीसुद्धा ती दारात थबकली ती थबकलीच.

मुरबाडच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी दोनला अंधार असायचा. २००८ सालचं भारनियमन ते – दोन ते चार लाइट जायची म्हणजे जायचीच. रोशनीची बॅच चारची. पण तिच्या वाडीखालच्या वैशाखऱ्याहून येणारी एसटी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर पोचली, आणि वसतिगृहात जाऊन परत यायचा कंटाळा म्हणून ती सरळ क्लासमध्येच शिरली. नऊ पडदे काळे होते. दहावा, इन्व्हर्टरवरचा, तेवढा उजळलेला. त्यात धुकं, धुक्याखाली गवत, आणि गवताच्या पार पलीकडे तो डोंगर... माथ्यावर ऊन घेऊन उभा.

पडद्यासमोर एक तरुण पाठमोरा बसला होता. सकाळच्या बॅचचे आदेश सर हेच असणार. भातसानगरच्या कॉलनीत राहतात, वडील धरणावर नोकरीला आहेत, आणि मुलींशी बोलताना कान लाल होतात – एवढी माहिती वसतिगृहात सगळ्यांना होती.

"सिनेमा हाय का?" तिने विचारलं.

तो दचकला. कान लाल झाले. माहिती खरी निघाली.

"नाय, गेम आहे. रोल-प्लेइंग... म्हणजे आपणच त्यातला माणूस व्हायचं."

"आणि तो डोंगर? मागं चित्र लावलंय?"

"चित्र नाय. तिथे जाता येतं."

"कुठपर्यंत?"

"माथ्यापर्यंत," तो म्हणाला. "यात जे जे दिसतं ना, तिथे सगळीकडे जाता येतं. ओपन वर्ल्ड म्हणतात याला. मोकळं रान."

रोशनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. माळशेजच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला डोंगराचं काय कौतुक? पण कुणीतरी लांब कुठल्यातरी देशात बसून एक अख्खा डोंगर रचला होता, दगड दगड करून... कुणी आलंच तर माथ्यावर त्याला वारा लागावा म्हणून. आणि कुणी आलंच नाही तरी तो तिथे असणारच होता. या विचाराने तिला खाली बसावंसं वाटलं. ती बसलीही – आदेशच्या शेजारच्या खुर्चीवर.

"खेळतेस?" त्याने माउस पुढे सरकवला.

वरच्या कोपऱ्यात एक पिवळा बाण होता. कुठे जायचं ते तो दाखवायचा. रोशनीने माणूस फिरवला आणि बाणाकडे पाठ करून चालायला लागली.

"बाण तिकडे आहे."

"असू दे की. पाणी हिकडं वाहतंय. पाण्यासंगं गेलं की गाव लागतं."

गाव लागलं. आदेश सहा महिने तो गेम खेळत होता आणि त्याने ते गाव पाहिलेलं नव्हतं! गावाच्या अलीकडे एक दगड उभा होता, त्यावर कसलंसं जनावर कोरलेलं. रोशनी थांबली.

"काय झालं?"

"शीव आली."

"इथे थांबायला सांगितलेलं नाय पण गेममध्ये."

"शिवेवर थांबायला सांगावं लागतं का, सर?" ती इतकी खरोखर चकित झाली होती की त्याला हसायचंही सुचलं नाही. "आमच्या वाडीच्या शिवेवर वाघोबा हाय. त्याच्या म्होरं टेकल्याबिगर कोन आत जात नाय, भायेर बी जात नाय. ह्याला खाली बसवता येतं का?"

खाली बसवायचं बटण होतं. तिने माणसाला दगडापुढे बसवलं आणि हात मांडीवर ठेवून स्वतःही गप्प बसली. काही झालं नाही. बक्षीस नाही, संदेश नाही. मात्र गेममधला सूर्य हळूहळू कलला, गवताचा रंग बदलला, आणि ओढ्यावर एकामागून एक हरणं पाण्याला उतरली. सात होती. दोघं श्वास रोखून पाहत राहिले.

"हे मला माहीतच नव्हतं," आदेश अगदी हळू म्हणाला. तो हरणांकडे पाहत नव्हता.

त्यानंतर एसटी वेळेवर येवो की न येवो, रोशनी रोज दोन तास आधी हजर होऊ लागली. वसतिगृहापासून क्लास पाच मिनिटांवर होता, पण त्यावर बोलायचं नाही असं दोघांचं न बोलता ठरलं होतं.

भांडण मात्र रोज व्हायचं. आदेशला खरं तर मोकळं रान फारसं पटायचं नाही. त्याचा लाडका गेम वेगळाच होता, धड्याधड्यांचा. पहिला धडा संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, एकच वाट, आजूबाजूला कुठे वळायची सोय नाही. त्याने तो तिला खेळायला लावला. चौथ्या धड्यात नायक धाकट्या बहिणीला मागे ठेवून घर सोडतो, तिथे रोशनीने ओढणीने डोळे पुसले.

"बघ! रडलीस ना?" आदेशला केवढा आनंद. "मोकळं सोडलं असतं तर तू त्या घराकडे फिरकलीच नसतीस. गेली असतीस पाण्यामागे! गोष्ट सांगणाऱ्याने हात धरून न्यावं लागतं, रोशनी."

"हात धरून? दावं धरून म्हण!" तिने नाक उडवलं. "सर"चा "आदेश" आणि "तुमी"चं "तू" कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "बाजारात बैल नेतात तसं. रडले मी, पण नेलं म्हणून रडले. मला सापडलं असतं तर..."

"तर?"

"तर ते माझं असतं."

आदेशने माउसची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग त्याने कुणालाच न दाखवलेली एक फाइल उघडली. तो स्वतः गेम बनवत होता! वरून दिसणारा, चौकोनी तुकड्यांचा, साधाच. पण त्यात शहापूरचा बाजार होता, भातसाची भिंत होती, मुरबाडचा एसटी स्टँड होता, आणि माणसं मराठीत बोलत होती. पुण्याच्या एका कंपनीने नमुना मागवला होता. सगळं सात धड्यांत बांधलेलं होतं.

"आपला रस्ता... ह्याच्यात?" रोशनीने पडद्यावर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं. देवाच्या मूर्तीला चुकून हात लागल्यावर घ्यावा तसं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ते धडे तोडायला घेतले. भिंती काढल्या, वाटा उघडल्या. माघातल्या एका रविवारी, ती परीक्षेमुळे वसतिगृहात अडकलेली असताना, तो एकटाच वैशाखऱ्याला उतरून तिची वाडी पाहून आला. "नकाशासाठी," असं त्याने सोमवारी सांगितलं. कान पुन्हा लाल होते. आपल्यासाठी कुणी डोंगर चढून येतं, हे मनात घोळवत रोशनी तो आठवडाभर जमिनीवर चाललीच नाही.

होळीला तीन दिवस होते तेव्हा पुण्याहून पत्र आलं. कंपनीने आदेशला नोकरी दिली होती. होळी झाल्यावर सोमवारी निघायचं, मंगळवारी हजर.

"तुझ्यामुळे मिळाली," तो म्हणाला आणि तिच्या हातात सीडी ठेवली. "पुरा झालाय गेम. यात... तुझ्यासाठी एक गोष्ट ठेवलीय. कुठे ते सांगणार नाय. तुला बरोबर सापडेल."

"आणि सापडल्यावर?"

"सापडल्यावर तू ठरव. काय बोलली नाहीस तर... मी समजून घेईन. परत विचारणार नाय."

काय असेल ते न कळण्याइतकी रोशनी भोळी नव्हती.

दोन दिवस चारच्या बॅचला ती त्या गेममध्ये फिरली. भातसाच्या भिंतीवर गेली, वाशिंदच्या रेल्वे फाटकाशी थांबली, बाजारातल्या एकेका बाईशी बोलली. शेवटी आपल्या वाडीकडे वळली – नेहमीच्या पायवाटेने, उंबराच्या झाडाखालून. वाघोबाचा दगड तिथेच. तिथे नाही ठेवणार तर कुठे ठेवणार हा?

उंबर होता. दगड नव्हता.

तिने झाडाभोवती चार फेऱ्या मारल्या. पुन्हा मारल्या. मग अवेळीच लाइट गेली. अंधाऱ्या पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसला. वाघोबालाच विसरला? दोघांमधलं पहिलं जे काही होतं ते तेच तर होतं... म्हणजे आपणच मनात मांडे खाल्ले. असेल कुठेतरी दोन ओळींचं 'धन्यवाद'. तिने सीडी कागदात गुंडाळली आणि होळीसाठी घरी निघून गेली. आदेश स्टँडवर उभा होता. ती त्याच्याकडे न बघता एसटीत चढली.

होळी पेटली, वाडी नाचली, रोशनीचे पाय जड ते जडच. सोमवारी सकाळी ती आईबरोबर सरपण घेऊन जीपच्या नव्या रस्त्याने खाली येत होती. तिची आई भिमी एकदम फिसकन हसली.

"काय गो आये?"

"ह्यो दगड बघून आठावलं. तुझा त्यो मास्तर आल्ता ना, त्यो ह्येच्याच पाया पडत व्हता! फूल वायलं, डोळं मिटलं. आमी बाया पदर तोंडात धरून हसलो."

रस्त्याच्या कडेला तांबडा रंग फासलेला दगड होता. सर्व्हेवाल्यांनी रस्त्याची खूण म्हणून पुरलेला. धरणाच्या कॉलनीत जन्म गेलेल्या पोराला सर्व्हेचा दगड ओळखू येऊ नये! शिवेवर तांबडा दगड दिसला, हाच वाघोबा म्हणून त्याने हात जोडले. उंबर आणि पायवाट त्याने लांबूनच पाहिली असणार; वाडीची माणसं त्याच वाटेने येतात, खरा वाघोबा तिथे पानांत आहे, हे त्याला कोण सांगणार? आणि पायवाटेने येणारीला गेममध्ये जीपचा रस्ता कधी दिसणार?

म्हणजे तो विसरला नव्हता. त्याने ठेवलेलं ते गेममधल्या या दगडापाशी होतं. आणि आपण गप्प राहिलो... आणि तो समजून घेणार होता!

वाडीत फोनची रेंज नव्हती. सीडी होती, पण ती लावायची कशात? आत काय लिहिलंय ते वाचायला मुरबाडला जावं लागणार होतं, आणि पुण्याला निघालेला आदेश जिच्यात असणार ती मुरबाडहून सुटलेली आळेफाट्याची एसटी आत्ता वैशाखऱ्याला पोचायच्या बेतात होती. रोशनीने मोळी टाकली.

"गो, कुठं निघालीस?"

"भायेर!" ती ओरडली आणि धावत सुटली.

एसटी थांब्यावर न थांबताच निघाली होती. रोशनी भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. ब्रेक किंचाळले. कंडक्टरने दारातून डोकं काढलं.

"ताई, चढायचंय का?"

"चढायचं नाय. एकाला उतरवायचंय."

तिसऱ्या खिडकीत आदेश होता. डोळे सुजलेले, मांडीवर बॅग.

"दगड कुठला धरलास रे?" तिने खालूनच विचारलं. धाप लागली होती.

"क... काय?"

"तांबडा दगड, जीपच्या रस्त्याचा. त्यो वाघोबा नाय. सर्व्हेचा हाय."

आदेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग तू... वाचलंच नाहीस?"

"नाय."

"मला वाटलं, वाचून गप्प राहिलीस."

"मला वाटलं, तू माझा देवच विसरलास."

"वाचायचं ते मागाहून वाचा," कंडक्टर म्हणाला. "गाडीला टाइम होतोय."

"आता वाचायचंच नाय," रोशनी म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "आदेश, तू म्हनायचास ते खरं हाय. सगळंच शोधायला ठेवू नये. रान मोकळं असू दे, पन येवढं एक तोंडानं सांग. हात धरून सांग."

"इथे?"

"हितंच."

आदेशने खिडकीतून हात बाहेर काढला. सगळ्या गाडीने कान टवकारले.

"रोशनी... मी बाणामागे चालणारा माणूस. त्या दिवशी तू पाठ फिरवून पाण्यामागे गेलीस, तेव्हापासून मला तू आवडतेस. फार आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?"

मागच्या सीटवरून एक म्हातारी ओरडली, "बोल गो बाय! पोराचं कान बघ कसं झालंत!"

रोशनी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. तिने त्याचा हात धरला. "आधी खऱ्या वाघोबाला भेट. त्याच्या म्होरं टेकवल्याबिगर मी कुनाला आत नेत नाय."

म्हणजे काय, हे त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो बॅगेसकट उतरला, पायरी चुकवून. पुढची एसटी दुपारी होती. पुणं कुठे जात नव्हतं.

उंबराखाली पानांत अर्धा बुडालेला दगड होता. झिजलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. आदेश टेकला, तीही शेजारी टेकली. त्याने मान वर केली तेव्हा झाडीच्या वर माळशेजचा कडा उन्हात उभा होता. इतकी वर्षं लांबून पाहिलेला तो कडा आदेश आज पहिल्यांदाच पाहत असावा तसा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"रोशनी... तिथे जाता येतं?"

"माथ्यापर्यंत," ती म्हणाली आणि हात पुढे केला.