दोन काचांची खिडकी

"खिडकी बघायला आलोय!"

"काय?"

"खिडकी... खिडकी!"

खालून मालट्रक चालला होता. दारात हातात मापाची टेप घेतलेला तो, आत केसांना कसाबसा चिमटा लावलेली ती, आणि दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडत होती. ट्रक गेल्यावर उलगडा झाला – त्याला बोलावलं होतं वरच्या मजल्यावरच्यांनी. तो ओशाळून वळला, आणि तिच्याच तोंडून निघून गेलं, "थांबा ना... आमचीही बघता का?"

कारण होतं बाबांचं. उभा जन्म बस चालवलेले बाबा रस्त्याकडच्या खोलीत झोपत, आणि त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. "झोपेतही कान मिटत नाहीत गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हॉर्न वाजला की माणूस जागा होत नाही, पण छाती धडधडते, दाब चढतो. रोज रोज हृदयानं किती सोसायचं?"

त्यानं माप घेतलं. दोन काचा बसवायच्या, मध्ये हवेची पोकळी, म्हणजे आवाज बाहेरच अडतो. दोन दिवसांनी पुन्हा आला – माप नक्की करायला. शनिवारी पुन्हा!

"काय हो काचवाले," बाबा खाटेवरून म्हणाले, "आमची खिडकी रोज वाढते की काय?"

त्याचे कान लाल झाले. पाण्याचा पेला परत द्यायच्या निमित्तानं तो तिच्यामागे आत आला आणि मागच्या खोलीच्या दारात थबकला.

"इथे किती शांत आहे... कुणाची खोली?"

"माझी."

टेप खिशात टाकत तो म्हणाला, "मग काच कशाला? बाबांची खाट इथे आणा. आजच." बोलून गेला, आणि दोघांचेही चेहरे उतरले. काम नाही, तर येणं नाही!

"आणि तुम्ही कुठे झोपणार?" त्यानं विचारलं.

"रस्त्याकडे."

"छे छे! तुम्हाला काय हृदय नाही?"

"होतं," ती हळूच म्हणाली, "गेल्या आठवड्यापर्यंत."

खिडकी ठरली ती तशी... तिच्यासाठी.

खिडकी तयार होऊन येईपर्यंत तीन आठवडे गेले. मागच्या खोलीत बाबांना झोप लागू लागली, गोळ्या चालूच होत्या; सकाळी दंडाला पट्टा बांधला की आकडा थोडा थोडा उतरलेला दिसे. ती हरखून जाई. पण आज तो खिडकी बसवत होता; शेवटचा स्क्रू पिळला की काचवाला कायमचा जाणार!

उघड्या खिडकीतून बसगाड्यांचा गोंगाट येत होता. तो ओरडला, "झालं काम! आता यायला निमित्त नाही!"

"निमित्त कशाला हवं?"

"काय?"

तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. नेमक्या त्याच क्षणी त्यानं खिडकी ओढून लावली.

"मला तुम्ही आवडता! लग्न करायचंय मला तुमच्याशी!"

शांतता. काचेपलीकडे रस्ता मुक्यानं वाहत होता, आणि तिचा आवाज घरभर घुमत होता.

"ऐकलं गं!" मागच्या खोलीतून बाबा म्हणाले. "आता त्यालाही बोलू दे!"

तो जवळ आला. ओरडला नाही. नुसतं पुटपुटला... आणि तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

"काय म्हणाला गं?"

"सांगणार नाही, बाबा!" ती हसत ओरडली. "ते माझ्यापुरतं आहे!"