बालाझ मागे फिरला नाही

हंगेरीच्या त्या अफाट माळावर पहाट फुटली, ती रात्रभर जागल्यासारखी मलूल. माळाच्या मधोमध बोरबाला या विधवेची खाणावळ होती आणि अंगणातल्या विहिरीवर पाणी शेंदायचा लांबलचक लाकडी दांडा, जो कोसभरावरून नजरेस पडे. दांडा आभाळाकडे उभा असला तर वाट मोकळी, आणि पोहरा विहिरीत सोडून तो झुकवलेला असला तर सरकारी शिपाई आलेले, ही खूण माळावरच्या प्रत्येक मेंढपाळाला आणि दरोडेखोराला ठाऊक होती. राजधानीहून नव्याने नेमून आलेल्या कप्तान हॉलरला मात्र नव्हती. शहाण्याला माळ कोण शिकवणार?

त्याने वीस शिपाई तबेल्यात दडवले आणि फर्मावले, "बाई, दरोडेखोर बालाझ आज इथे न्याहारीला येणार, अशी आमची पक्की खबर आहे. दुपारपर्यंत तो आला नाही, तर तुम्हीच त्याला सावध केलेत असे समजून तुम्हाला फासावर चढवण्यात येईल."

"जशी आज्ञा, सरकार," बोरबाला म्हणाली. "आपल्या घोड्यांना पाणी तरी दाखवू?"

कप्तानाने मान डोलावली. तिने घोड्यांना पाणी पाजले आणि शेवटचा पोहरा विहिरीतच राहू दिला. बालाझवर तिचा जीव होता, त्यात लपवण्यासारखे काय आहे?

तिकडे माळावर बालाझने झुकलेला दांडा पाहून लगाम खेचला. त्याचा साथीदार इश्त्वान म्हणाला, "नाईक, खूण झाली. घोडा फिरवा!"

"गेल्या हिवाळ्यातही झाली होती. आपण पळालो आणि म्हाताऱ्या मात्याश मेंढपाळाला त्यांनी नुसत्या संशयावरून लटकवलं. आज तिची पाळी येईल. पंधरा वर्षं पळतोय रे. दमलो मी. तू जा."

थोड्याच वेळात तो एकटाच खाणावळीच्या अंगणात उतरला. बालाझने दोन्ही पिस्तुले कप्तानापुढे ठेवली. "कप्तानसाहेब, या बाईंचा काही अपराध नाही. भाकरी तेवढी खाऊ द्या, मग निघू."

भाकरी वाढताना ती दातओठ खात पुटपुटली, "आंधळा झालास का? दिसलं नाही तुला?"

"दिसलं," तो म्हणाला आणि जेवू लागला.

तिसऱ्या दिवशी त्याला फाशी झाली. वर्षभरात त्याच्या शौर्याची गाणी मुलूखभर झाली. बोरबालाच्या खाणावळीत मात्र कुणी त्यातले गाणे धरले, की ती त्याला बखोट धरून बाहेर काढी.

"मरायचं मी ठरवलं होतं," ती म्हणे. "त्यानं मला विचारलं तरी का?"