सूर धरणारा

गुरुवारी सकाळी अकरापर्यंत क्षिप्राने फ्रिज बंद केला होता, इन्व्हर्टर काढला होता, विहिरीवरचा पंप थांबवला होता आणि शेजारच्या होमस्टेवाल्या हर्षदशी त्याच्या पाहुण्यांच्या स्पीकरवरून कडाक्याचं भांडणही उरकलं होतं. तरी हेडफोनमध्ये घुमारा होताच. बारीक, सरळ, एकाच पट्टीतला.

"वाहानकाका, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"ऐंशी झाली मला. पुष्कळ गोष्टी ऐकू येत नाहीत," म्हातारा म्हणाला आणि चहात पाव बुडवू लागला.

वाहान मार्तिरोस क्षिप्राच्या दिवेआगरच्या वाडीत, मागच्या घरात भाड्याने राहत होते. घराणं आर्मेनियन, जन्म कोलकात्याचा, नोकरी न्हावा शेवाला जहाजांवरचा माल तपासण्याची. गोदीत उमर गेल्याने मराठी चांगलं होतं, शिव्या त्याहून चांगल्या. पनवेलपासून मुंबईपर्यंत त्यांच्या लोकांची नऊ घरं होती आणि त्या नऊ घरांत दुदुक नीट वाजवणारा हा एकच माणूस उरला होता. दुदुक म्हणजे जर्दाळूच्या लाकडाचं, सनईच्या कुळातलं वाद्य. पण आवाज सनईसारखा लखलखीत नाही, भरल्या गळ्याने कुणी बोलावं तसा. वाजवायला दोघं लागतात. एक चाल वाजवतो, दुसरा खाली एकच सूर अखंड धरून ठेवतो.

क्षिप्राला त्यांच्या सहा चाली ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. पाच निर्वेध झाल्या होत्या, घुमाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. सहावी चाल मयत घराबाहेर काढताना वाजवायची. ती कुठे लिहिलेली नव्हती, फक्त काकांच्या बोटांत होती. सोमवारी त्यांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन होतं आणि नंतर फुंकता येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे शनिवारपर्यंत काम झालं नाही, तर चाल गेली. क्षिप्राने चौदा वर्षं रेडिओवर सकाळच्या बातम्या काढल्या होत्या. वेळ चुकणं तिला माहीत नव्हतं, आणि हा घुमारा नेमका आत्ताच उपटला होता.

त्यात काकांची कवळी. श्वास घेतला की ती वरच्या हिरडीवर बसायची आणि माइकमध्ये स्वच्छ 'टक्' असं वाजायचं.

"काढून ठेवता का?"

"कवळी काढली तर दुदुकची पाती ओठात धरू कशाने? तुझ्या हेडफोनने?"

शुक्रवारी दुपारी गावाची वीज गेली. क्षिप्राला आनंद झाला. खिडक्यांवर गाद्या टांगल्या होत्या. अंगणात सुपारी वाळत होती, तिच्यावरचे कावळे हाकलून लावले. बॅटरीवर मशीन चालू केलं. पंखा नाही, पंप नाही, गावभर एक मोटर चालू नाही.

घुमारा होता.

तिने तो तुकडा लॅपटॉपवर घेतला आणि ताणून मोठा केला. सरळ रेघेत ठरावीक अंतराने एक इवलीशी खाच दिसत होती. आवाज वाढवून ऐकलं. दर अकरा सेकंदांनी कुणीतरी हलकेच नाकाने श्वास आत ओढत होतं. सनईवाले तसंच करतात. गालांत साठवलेली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतात, म्हणजे सूर तुटत नाही.

"फ्रिज नाकाने श्वास घेत नाही," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने म्हणालो याचाच तिला राग आला.

शनिवारी सकाळी दयाराम आला. देवळाच्या पालखीपुढे सनईवाल्यामागे सूर धरण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. पहिल्या पाच चालींना काकांच्या मागे त्यानेच दुदुकवर सूर धरला होता. चपला काढून तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याच्या कानाला हेडफोन नव्हता.

"या ना आत. आधीच उशीर झालाय."

"सूर लागल्येला हाय की," दयाराम म्हणाला. "मी कुटं बसू?"

"कसला सूर? मशीनचा आवाज आहे तो."

"ताई, माजं आयुष्य गेलं यात." त्याने काकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "लागल्येल्या सुरात दुसऱ्यानं घुसायचं न्हाय. रीत हाय ती. काय वो काका?"

"व्हय," काका म्हणाले.

"अहो, व्हय काय? तुमचं ऑपरेशन आहे परवा!"

दयारामने चपला घातल्या. क्षिप्रा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली, चिडली, विनवण्या केल्या, पुन्हा चिडली. तो गेलाच.

परत आली तर काका पाती ओली करत बसले होते.

"ही खुर्ची सार्किसची. माझा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षं माझ्या मागे सूर धरला त्याने," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी इथेच गेला. ही चाल सुराशिवाय वाजवायची नाही आमच्यात. धरायला दुसरा होता कोण? दयारामने तेव्हा दुदुक हातातही घेतलं नव्हतं. त्याला तसाच नेला, न वाजवता."

क्षिप्राने घड्याळ पाहिलं.

"चालू कर मशीन," काका म्हणाले.

ते वाजवू लागले.

चाल सुरावर बसली. कुठे ओढाताण नाही, कुठे घाई नाही. काका थकून रेंगाळले तिथे खालचा सूर किंचित भरला, त्यांना सावरून घेतलं, पुन्हा मागे झाला. सात मिनिटं. क्षिप्राने खुर्चीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तिने मशीनवरचे आकडे पाहिले.

चाल संपली. सूर चालूच.

काकांनी दुदुक मांडीवर ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीच्या हातावर नखाने दोनदा ठोकलं.

सूर थांबला.

मशीनवरची आवाज दाखवणारी पट्टी तीन दिवसांत प्रथमच तळाला गेली.

"हे दोन ठोके काढू नकोस," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "त्याशिवाय धरणारा सुटत नाही."

"नाही काढत," क्षिप्रा वायर गुंडाळत म्हणाली.

सोमवारी ऑपरेशन झालं. काका शुद्धीवर आले नाहीत.

मंगळवारी दुपारी लुसिनचा फोन आला. नऊ घरांपैकी पनवेलच्या घरातली ही पोरगी गोदीजवळच्या एका ऑफिसात नोकरी करत होती आणि काकांकडे वर्षभर दुदुक शिकत होती. "ताई, बुधवारी सकाळी आमच्या घरूनच नेणार काकांना. मला ती चाल येत नाही अजून. फाईल भेटेल का? स्पीकरवर लावू."

क्षिप्रा रात्र व्हायच्या आत कामाला लागली. मधेच डोळे पुसत होती, हात मात्र सवयीने चालत होते. कवळीचे एक्केचाळीस आवाज एकेक करून काढले. शेवट रेडिओवर करतात तसा केला: चाल संपली की सूर हळूहळू विरत नेला आणि पुढचं सगळं कापलं. कच्चं ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. तीही चौदा वर्षांची सवय. फाईल नऊ घरांना पाठवली.

बुधवारी काकांना त्या फाईलवर नेलं.

ठोके गेल्याचं तिच्या लक्षात आलं ते शुक्रवारी, भांडी विसळताना. ती स्वतःवर चरफडली, मग स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्या माणसाची समजूत ती, असं म्हणाली आणि नळ बंद केला.

पुढच्या आठवड्यात लुसिनने पहिला सराव पाठवला. बरा होता. दुसरा त्याहून बरा. चाल वाचली होती, यात शंका नव्हती. नाताळ त्यांच्याकडे सहा जानेवारीला. त्या सकाळी तिसरा आला, आणि त्यामागोमाग फोन.

"ताई, एक विचारू? हसू नका. मी एकटीच वाजवते ना. सूर कोण धरतंय?"

"फाईल मागे चालू असेल तुझी."

"फाईल बंद आहे. बाकीच्या घरांत पण ऐकू येतोय तो, तेच विचारतायत. आणि मी थांबले तरी तो थांबत नाही, ताई."

क्षिप्राने हेडफोन लावले. वरती लुसिन चाचपडत वाजवत होती. खाली सूर होता, बारीक, सरळ.

ती मोजू लागली. सातव्या सेकंदाला श्वास आला, आणि त्यासोबत 'टक्'.

तिने दिवाणावर नखाने दोनदा ठोकलं. मग फोनमध्ये ठोकलं. मग लुसिनला ठोकायला सांगितलं. मग मागच्या घरात जाऊन सार्किसच्या खुर्चीवर ठोकलं.

संध्याकाळी लुसिनने पुन्हा एक तुकडा पाठवला. नुसत्या रिकाम्या खोलीचा.

क्षिप्राने घड्याळ समोर ठेवून मोजलं. आता धाप लागल्यासारखं, दर चार सेकंदांनी 'टक्' वाजत होतं.