एक्केचाळीस कागद

बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्याच्या तोंडाशी आमचा डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना होता. २०११ साली तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकीच्यांना प्रिंटरसुद्धा लावता येत नव्हता. पेशंटांची नावं एका डेटाबेसात होती आणि स्कॅन केलेले केसपेपर दुसऱ्याच सिस्टिममध्ये पडून होते. दोन्हींच्या मध्ये एक कनेक्टर बसवायचा होता. त्याने कागदावरचा नंबर घ्यायचा, डेटाबेसातलं नाव शोधायचं आणि कागद त्या नावाला जोडायचा, एवढंच त्याचं काम.

चाचणीत अकराशे एकोणपन्नास कागदांपैकी एक्केचाळीस जुळेनात. कुठे शाई पसरलेली, कुठे एकच नंबर दोघांना दिलेला. दुसऱ्या दिवशी या नव्या सोयीचं उद्घाटन होतं, अंगणात मांडव घातला होता आणि पाहुण्यांना पडद्यावर ‘न जुळलेले : शून्य’ असं दाखवायचं ठरलं होतं. ते कागद हाताने तपासायला दोन दिवस तरी लागले असते. मी सेटिंगमध्ये एक ओळ घातली : जो कागद जुळणार नाही, ती केस बंद समजावी. लगेच शून्य आलं. अहवालावर ‘गजानन’ अशी ठसठशीत सही केली, आणि दुसऱ्या दिवशी शाल-नारळ मिळाला तोही घेतला.

पुढच्या मंगळवारी नोंदणीच्या खिडकीतून सुलभाने हाक मारली. समोर बाकावर तुकईथडची कोकिळाबाई बसली होती. साठी ओलांडलेली, उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्याचं ऑपरेशन महिन्याच्या आत झालं नाही तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

“गजूभाऊ, ही माय म्हणते आज तारीख घ्यायला बोलावलं होतं. इथं तर केस बंद दाखवतंय. काय बोलू इसको?”

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. पण हिचा एक कागद उघडला असता तर बाकीचे चाळीसही वर आले असते.

“बंद दाखवतंय तर काही कारण असेल,” मी म्हणालो. “पत्र पाठवू म्हणावं.”

“बरं भाऊ,” कोकिळाबाई म्हणाली आणि भिंत चाचपत निघून गेली. मी घड्याळाकडे पाहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. संध्याकाळी गुपचूप तिची केस उघडून द्यायची असं मी ठरवलं. दिली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला शरम वाटत होती, आणि शरम वाटते म्हणजे आपण काही अगदीच वाईट नाही, अशी मी माझी समजूतही घालत होतो.

कनेक्टर स्वतःची नोंद ठेवतो : किती वाजता, कुणी, काय केलं. गुरुवारी सकाळी मी ती सहज चाळली. आदल्या दिवशी अकरा दहाला कुणीतरी पहिला कागद उघडला होता. उघडणाऱ्याचं नाव कोरं होतं. कागद बघायला दोन-चार सेकंद पुरतात, हा चार मिनिटं उघडा होता. मग दुसरा, चार मिनिटं. मग तिसरा. एक वाजेपर्यंत असे सत्तावीस कागद.

मी पासवर्ड बदलला. त्याच दिवशी अकरा दहाला अठ्ठाविसावा कागद उघडला. मग शुक्रवारी मी अकरा ते एक कनेक्टरच बंद ठेवला. दुपारी सुरू करून पाहतो तर नोंदी होत्या, सगळ्या चार-चार मिनिटांच्या.

एकदा पडद्यासमोर बसून राहिलो. कागद आपोआप उघडला आणि डावीकडून उजवीकडे इतका हळू सरकू लागला, की कुणीतरी अक्षरावर बोट ठेवून वाचतंय असं वाटावं. सुलभा मागून म्हणाली, “हँग झालं का?” मी हो म्हणालो.

महिना उलटला. कोणत्या दिवशी उलटला तेही मला ठाऊक होतं. एक्केचाळिसाव्या दिवशी जुळलेल्या कागदांतला वाचायचा एकच उरला. त्यानंतर बंद केलेल्यांचा गठ्ठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी तुकईथडला गेलो. केळीच्या बागेला लागून घर. अंगणात कोकिळाबाईची सून लीला कापसातली कवडी, म्हणजे डागी कापूस, निवडत होती. दवाखान्यातून आलो एवढंच मी सांगितलं, नाव सांगितलं नाही. तिने घाईघाईने पाणी आणलं.

“डोळा तर गेला, साहेब. पण आता डोक्याचं काहीतरी बघा. रोज या टायमाले बोलत बसते. गावातलं एक नाव नाही त्यात.”

कोकिळाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. डावा डोळाही दुधाळ झाला होता. तिचं बोट फरशीवरून हळूहळू सरकत होतं, डावीकडून उजवीकडे.

“देवराम भिका. शाहपूर. मोतीबिंदू. चष्मा दिला.”

चार मिनिटं गेली. बोट चालू होतं.

“लोटू सीताराम. नेपानगर. बंद. गजाननने केला.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“भागाबाई कौतिक. खकनार. बंद. गजाननने केला.”

असे चार झाले, पाच झाले. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती.

“कोकिळा सुकलाल. तुकईथड. बंद. गजाननने केला.”

स्वतःचं नावही तिने बाकीच्यांसारखंच वाचलं आणि बोट पुढे नेलं.

लीलाने हातातला कापूस खाली ठेवला. “साहेब, हा गजानन कोण व्हय? दवाखान्यातला आहे का?”

मी सांगणार होतो. खरंच त्यासाठीच आलो होतो.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

कोकिळाबाईचं बोट थांबलं.

“अकरा बेचाळीस,” ती त्याच आवाजात म्हणाली. “गजानन. माहीत नाही म्हणाला.”

लीला माझ्याकडे बघत राहिली. मी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीसच झाले होते. कोकिळाबाईचं बोट फरशीवर तिथेच टेकलेलं होतं, पुढचं ऐकायला थांबल्यासारखं.