विंगेत कोणीच नव्हतं

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत हे घडलंय. आत्याचं नाव श्वे रूयिन. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून जायची. म्हणूनच तिने हे सांगितलं तेव्हा घरात कोणी हसलं नाही.

साल १९४०. ताइहांगच्या डोंगरातलं शीगोऊ गाव. राळ्याची कापणी नुकतीच उरकली होती.

जपान्यांशी लढाई चालू होती. आत्या एका नाटक मंडळीत होती. खेचरांवर पडदे लादायचे, गावोगाव जायचं, खळ्यावर खेळ लावायचा. धान्य लपवा, शत्रूला वाट दाखवू नका, हे नाटकातून सांगायचं.

मंडळीचे प्रॉम्प्टर होते बियान मास्तर. विंगेत बसून वाक्यं पुरवायचे. प्रत्येक वाक्याआधी हलकंसं खाकरायची त्यांची सवय होती.

शीगोऊच्या वाटेवरच ते तापाने गेले.

त्यांचा मुलगा चुंगला, विशीतला. त्यानेच वाटेकडेला खड्डा खणला, बापाला पुरलं. नाटकात तो जपानी अधिकारी व्हायचा. मंडळीचे प्रमुख फान म्हणाले, गाव जमलंय, खेळ होणारच. चुंगलाने हातांवरची माती धुतली. आणि मिशी चिकटवायला बसला.

आभाळ भरून आलेली दुपार होती. सगळं गाव खळ्यावर बसलेलं.

आत्या आईच्या भूमिकेत. समोर अधिकाऱ्याच्या वेषात चुंगला. त्याने दरडावून विचारलं, मुलगा कुठे लपवलास?

आणि आत्या वाक्य विसरली.

लोक बघतायत. चुंगला बघतोय.

तेवढ्यात विंगेतून…

कोणीतरी खाकरलं.

"माझा मुलगा माझ्या पोटात नाही, मी कुठून काढून देऊ?"

वाक्य मिळालं. आत्याने ते ठणकावून म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिच्या लक्षात आलं.

तिने मान वळवली. विंगेत कोणीच नव्हतं. नुसता पडदा. वारा नसताना हलणारा.

तिने चुंगलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा रंगाखालीही पांढरा पडला होता. त्यानेही ऐकलं होतं.

पुन्हा खाकरणं… आता अगदी कानाशी.

"खेळ थांबव. सगळ्यांना वर कड्याकडे ने. आत्ता."

असं वाक्य नाटकात नव्हतंच.

आत्याने ते मोठ्याने म्हटलं. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. कोणीतरी हसलं. कोणी जागचं हलेना. फान लोकांच्या मागून हातवारे करत होते, शुद्धीवर आहेस का म्हणून.

तेव्हा आत्याने जे केलं, त्याचं तिला जन्मभर नवल वाटत राहिलं. तिने मंचावरून खाली उडी मारली, पुढच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं बाळ उचललं आणि चढावाकडे पळत सुटली. बाई किंचाळत मागे. बाईचा नवरा मागे. मग सगळं गाव मागे.

चुंगला मात्र तिथेच उभा होता.

"अरे, चल ना!" आत्या ओरडली.

तो अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, तू जा. बाबा मला म्हणतायत, थांब."

आत्याने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

कड्यावर पोचून सगळ्यांनी खाली पाहिलं. नदीच्या कोरड्या पात्रातून जपानी घोडेस्वार वर येत होते. धुरळा उठला होता. आणि चुंगला, त्याच नाटकातल्या वेषात, खळ्यावरून त्यांच्या दिशेने चालत निघाला होता.

त्याने हात वर केला. खालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं.

स्वार ओढ्याकडे वळले.

त्यांना फसगत कळून ते परत फिरेपर्यंत गाव कड्यावरच्या गुहांमध्ये शिरलं होतं.

खालून एकच गोळी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खळं पालथं घातलं. ओढा शोधला. चुंगला सापडला नाही. ना टोपी, ना रक्ताचा डाग. फान पुढे प्रत्येक गावात त्याच्या शौर्याची गोष्ट सांगायचे. लोक रडायचे. आत्या त्या वेळी उठून बाहेर जायची.

तिला एकच गोष्ट खात होती. गाव वाचवायला कोणीतरी मागे थांबायलाच हवं होतं, म्हणून मास्तरांनी मुलाला थांबवलं?

की त्या वाटेकडेच्या खड्ड्यात त्यांना एकटं वाटत होतं?

लढाई संपली, म्हातारपण आलं. दरवर्षी पितरांच्या सणाला आत्या दोघांच्या नावाने, त्यांना तिकडे पोचाव्यात म्हणून, खोट्या कागदी नोटा जाळायची. चुंगलाशी बराच वेळ बोलायची. वाचलेल्या त्या बाळाला नातवंडं झाली, हेही तिने त्याला सांगितलं.

मग मास्तरांच्या नोटांच्या राखेकडे वळायची आणि एवढंच विचारायची, "पोराला का थांबवलंत?"

आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घ्यायची.